करारात लिहिलेली, पण त्या नावाने कधीच न आलेली आवृत्ती: गेम इंजिनाच्या नामांतराचे एक प्रकरण

या प्रकरणातील गट, संस्था आणि व्यक्ती यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. युनिटी आणि गोडॉट या इंजिनांची (गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बांधतात त्यांची) नावे, त्यांच्या आवृत्त्या आणि तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय यातला एकही निर्णय नीट समजणार नाही.

पार्श्वभूमी

रत्नागिरीतला चार जणांचा एक गट २०२२ पासून शाळकरी मुलांसाठी मराठीतून एक शैक्षणिक मोबाइल गेम तयार करत होता. गटात दोन प्रोग्रामर, एक चित्रकार आणि मजकूर लिहिणाऱ्या मालवणच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. गेमचा विषय कोकणची किनारपट्टी हा होता. एका भागात कांदळवनातली तिवर आणि चिपी ओळखायची, दुसऱ्या भागात किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढत रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, आणायची, तिसऱ्या भागात १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झालेले सिंधुदुर्गाचे बांधकाम टप्प्याटप्प्याने पाहायचे, अशी त्याची रचना होती. खर्चाचा मोठा वाटा सिंधुदुर्ग जिल्ह्यातली एक शिक्षणसंस्था उचलत होती. तिच्या शाळांमध्ये देणगीतून आलेले टॅब होते आणि गेम आधी त्या टॅबवर, मग गूगल प्लेवर सर्वांसाठी मोफत, असे ठरले होते.

गेम युनिटीच्या २०२१ एलटीएस आवृत्तीवर, मोफत पर्सनल परवान्याखाली उभा होता. एलटीएस म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारी आवृत्ती. युनिटीची सुरुवात २००५ मध्ये मॅक संगणकासाठीचे इंजिन म्हणून झाली. २०१५ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि २०१७ पासून कंपनीने क्रमांक सोडून वर्षाची नावे स्वीकारली. त्या पद्धतीत ज्या वर्षाचे नाव असेल, त्याच्या पुढच्या वर्षी एलटीएस आवृत्ती हाती येत असे. २०२१ एलटीएस २०२२ मध्ये आली आणि २०२२ एलटीएस २०२३ मध्ये. सहा वर्षे हा क्रम इतका नियमित चालला होता की २०२४ मध्ये २०२३ एलटीएस येणार याविषयी कोणाच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते.

ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा करार झाला, तेव्हा संस्थेच्या तांत्रिक सल्लागारांनी एक कलम घातले: अंतिम गेम "युनिटी २०२३ एलटीएस" या आवृत्तीवर दिला जाईल आणि त्या आवृत्तीला पुढे किमान दोन वर्षे दुरुस्त्या मिळत असतील. कलमामागचा हेतू रास्त होता. याआधी संस्थेने घेतलेले एक सॉफ्टवेअर वर्षभरातच निराधार झाले होते आणि तो अनुभव पुन्हा नको होता. गटानेही कलम वाचून आनंदाने सही केली.

अडचण

करारानंतर महिनाभरातच, १२ सप्टेंबर २०२३ रोजी, युनिटीने रनटाइम शुल्क जाहीर केले. मागील बारा महिन्यांत २ लाख डॉलरचे उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल या दोन्ही मर्यादा ओलांडणाऱ्या गेमला, पर्सनल परवाना असल्यास, त्यापुढील प्रत्येक इन्स्टॉलमागे २० सेंट द्यावे लागणार होते. जगभरातून विरोध झाला आणि २२ सप्टेंबरला कंपनीने धोरण बदलले. पर्सनल परवान्यावरील गेम शुल्कातून वगळले गेले आणि इतरांसाठीही शुल्क फक्त २०२४ मध्ये येणाऱ्या एलटीएसपासून पुढे लागू होईल, असे सांगण्यात आले.

मोफत वाटल्या जाणाऱ्या या गेमला शुल्काची झळ बसण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. तरीही या दुरुस्तीमुळे एक गोष्ट घडली, जिच्याकडे गटाचे लक्ष उशिरा गेले. शुल्क आता एका विशिष्ट आवृत्तीला बांधले गेले होते, आणि ती आवृत्ती म्हणजे करारात नाव घालून मागितलेली आवृत्तीच होती. संस्थेच्या कार्यकारिणीत कोणीतरी वर्तमानपत्रातली बातमी घेऊन आले आणि ज्या आवृत्तीवर शुल्क लागणार तीच आपण का मागितली, असा प्रश्न उभा राहिला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या युनाइट या स्वतःच्या परिषदेत कंपनीने पुढच्या आवृत्तीचे नाव युनिटी ६ असेल, असे जाहीर केले. वर्षाची नावे संपली आणि सहा वर्षांपूर्वी पाचवर थांबलेला क्रम पुढे सुरू झाला. २०२३.१ आणि २०२३.२ या आवृत्त्या बाहेर आल्या होत्या, पण त्या नवी वैशिष्ट्ये लवकर देणाऱ्या आणि अल्पकाळच आधार मिळणाऱ्या प्रवाहातल्या होत्या. एलटीएस म्हणून जी यायची होती तिचे नाव आता युनिटी ६ झाले. "युनिटी २०२३ एलटीएस" नावाची वस्तू कधीच बाजारात आली नाही.

२०२४ च्या मे महिन्यात दुसऱ्या हप्त्याची वेळ आली तेव्हा हा कागदावरचा फरक पैशांपर्यंत पोहोचला. संस्थेचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक होते आणि व्यवहारात अतिशय काटेकोर. त्यांनी गटप्रमुखांना विचारले, "ताई, करारात तेवीस लिहिले आहे, तुम्ही सहा म्हणता. पुढचे मागायचे आणि मागचे घ्यायचे, हे मी कार्यकारिणीला कसे सांगू?" गटप्रमुखांनी तोंडी समजावले. त्यावर त्यांनी उत्तर दिले की त्यांचा विश्वास आहे, पण लेखापरीक्षकांना तोंडी चालत नाही. हप्ता थांबला. कार्यवाहांची भूमिका मला पूर्णपणे योग्य वाटते. सार्वजनिक देणगीच्या पैशांवर सही करणाऱ्या माणसाने कागदाबाहेर जाऊन खात्री मानू नये.

याच वेळी आणखी दोन गोष्टी दाबून येत होत्या. ३१ ऑगस्ट २०२४ पासून गूगल प्लेवर नवे अ‍ॅप किंवा सुधारित आवृत्ती चढवायची तर ती अँड्रॉइड १४ ला लक्ष्य करणारी असणे बंधनकारक होणार होते, आणि २०२१ एलटीएसच्या सार्वजनिक दुरुस्त्यांचा काळ तोपर्यंत संपलेला होता.

दुसरी गोष्ट मराठी मजकुराची, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा खरा गाभा तीच आहे. युनिटीत मजकुरासाठी सर्रास वापरले जाणारे टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जोडणी स्वतःहून करत नाही. अक्षरे ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने ती पडद्यावर ठेवली जातात. मग "सिंधुदुर्ग" मधली पहिली वेलांटी स च्या डावीकडे यायची ती उजवीकडे बसते, रफार ग च्या डोक्यावर चढत नाही आणि र पाय मोडून सुटा उभा राहतो. ज्या मुलांना आपण वाचायला शिकवतो आहोत त्यांच्यासमोर असे मराठी ठेवता येत नाही. गटाने यासाठी एका त्रयस्थ विक्रेत्याचे प्लगइन (इंजिनाला जोडायचे जास्तीचे सॉफ्टवेअर) विकत घेतले होते. ते मजकूर आधीच फिरवून आणि खास फॉन्टमधली जोडाक्षरे निवडून पडद्यावर देत असे. २०२१ वर ते व्यवस्थित चालत होते. पुढच्या आवृत्त्यांवर ते चालेल का, याचे उत्तर विक्रेत्याकडून मिळत नव्हते.

पुढ्यातले पर्याय

आहे तिथेच राहायचे, हा पर्याय गूगल प्लेच्या अटीमुळे आणि थांबलेल्या हप्त्यामुळे फार चर्चेविना बाजूला पडला.

सल्लागारांनी सुचवलेला पर्याय अधिक विचार करायला लावणारा होता. युनिटी हबमध्ये, म्हणजे इंजिनाच्या आवृत्त्या उतरवण्याच्या अ‍ॅपमध्ये, २०२३.२ दिसत होती. ती उतरवावी, त्यावर बिल्ड (बसवायला तयार असलेला गेम) द्यावे आणि कराराचे अक्षर पाळावे, असे त्यांचे म्हणणे होते. कार्यकारिणीलाही ते सोपे वाटले, कारण नावात २०२३ होते. गटाने याला नकार दिला आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा नकार होता. २०२३.२ ला दीर्घकालीन आधार नव्हता. म्हणजे आकडा जुळला असता आणि दोन वर्षे दुरुस्त्या मिळाव्यात हा कलमाचा मूळ हेतू तिथल्या तिथे मोडला असता. हप्ता लवकर मिळाला असता हेही खरे, आणि त्या वेळी गटाला त्याची निकड होती.

तिसरा पर्याय २०२२ एलटीएसचा. २०२१ वरून तिथे जाणे तुलनेने सुकर होते आणि अँड्रॉइड ५.१ असलेले जुने टॅबही त्यात चालत होते. मात्र सार्वजनिक दुरुस्त्या २०२५ च्या मध्यापर्यंतच मिळणार होत्या, त्यामुळे करारातली दोन वर्षे पुरी होत नव्हती.

चौथा पर्याय युनिटी ६ ची वाट पाहण्याचा होता. मे २०२४ मध्ये ती पूर्वावलोकनाच्या अवस्थेत होती आणि तिच्यावर शुल्काची सावली तेव्हाही होती.

पाचवा पर्याय युनिटी सोडून गोडॉट घेण्याचा. सप्टेंबर २०२३ नंतर लहान गटांमध्ये या पर्यायाची सर्वाधिक चर्चा होती आणि इथेही तरुण प्रोग्रामर त्याच्या बाजूने ठाम होता. गोडॉट २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, त्यामुळे शुल्क बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय १ मार्च २०२३ रोजी आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याची मजकूर-यंत्रणा हार्फबझ हे अक्षरे जोडणारे सॉफ्टवेअर वापरून देवनागरीची जोडणी स्वतः करते. गटाने प्रश्नमंजूषेची काही पाने गोडॉटमध्ये करून पाहिली आणि निवृत्त शिक्षिकांना दाखवली. कोणत्याही प्लगइनशिवाय "क्षत्रिय", "ज्ञान", "मूर्ती", "विश्वकर्मा" हे शब्द जागच्या जागी उमटलेले पाहून त्यांनी विचारले की आपण इतके दिवस दुसरीकडे का राहिलो.

उत्तर कोडमध्ये होते. गेमचे सारे कोड सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत होते आणि गोडॉट ४ मध्ये सी शार्पने लिहिलेला प्रकल्प अँड्रॉइडवर नेण्याची सोय नोव्हेंबर २०२३ च्या ४.२ आवृत्तीत प्रथम आली, तीही प्रायोगिक म्हणून. एक तर प्रायोगिक सोयीवर शाळांचा गेम उभा करायचा, नाही तर सगळे कोड गोडॉटच्या स्वतःच्या भाषेत नव्याने लिहायचे. रापणीच्या प्रसंगातले जाळे, दोर आणि लाटांचा ताण यांवर गटाने सर्वाधिक काळ खर्च केला होता, आणि तेच पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागणार होते. इंजिन बदलण्याच्या चर्चेत परवाना आणि वैशिष्ट्ये यांची तुलना सगळे करतात. आपल्याच कामातला कोणता तुकडा नव्या जागी येणार नाही, हे आधी शोधणारे मला कमी दिसतात. या गटाने ते शोधले.

निर्णय आणि कृती

गटाने एकच पर्याय न निवडता दोन पायऱ्या ठरवल्या. आधी २०२२ एलटीएसवर जाऊन ऑगस्टची मुदत सांभाळायची, आणि युनिटी ६ ची पक्की आवृत्ती आल्यावर, तिच्या शुल्काचे चित्र स्पष्ट झाल्यावर, दुसरी पायरी चढायची किंवा गोडॉटचा विचार पुन्हा करायचा.

त्याआधी मात्र कराराचे काम केले गेले. गटप्रमुखांनी कार्यवाहांना एक दोन पानी टिपण दिले. त्यात नामांतराची तारीख, जुन्या आणि नव्या नावांचा मेळ, २०२३.२ का घेऊ नये याचे कारण आणि टॅबची यादी होती. तांत्रिक शब्द जवळजवळ नव्हते. त्या टिपणावरून पुरवणी करार झाला आणि मूळ कलमाच्या जागी नवे कलम आले: गेम ज्या आवृत्तीवर दिला जाईल तिला सुपूर्द करण्याच्या दिवशी उत्पादकाकडून सार्वजनिक दुरुस्त्या मिळत असाव्यात, तो गूगल प्लेच्या त्या वेळच्या अटी पुऱ्या करत असावा आणि संस्थेच्या यादीतील टॅबवर चालत असावा. कोणत्याही आवृत्तीचे नाव त्यात राहिले नाही. दोन वर्षांच्या हमीची जागा दुसऱ्या पायरीच्या वेळापत्रकाने घेतली. कार्यकारिणीने ते मान्य केले आणि हप्ता सुटला.

२०२२ एलटीएसवर जाण्याचे काम जून आणि जुलैमध्ये, म्हणजे ऐन पावसात झाले. कोकणात या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि मोठा प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडताना सगळी चित्रे आणि ध्वनी पुन्हा आयात होत असतात. ते अर्ध्यात तुटले की लायब्ररी फोल्डर पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गटाने इन्व्हर्टरवरचा एकच संगणक या कामासाठी राखून ठेवला, मूळ प्रकल्पाची प्रत वेगळी ठेवली आणि नव्या आवृत्तीचे काम गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या स्वतंत्र शाखेवर केले. चाचणीसाठी निवृत्त शिक्षिकांनी अवघड जोडाक्षरांची, रफारांची आणि वेलांट्यांची एक शब्दयादी तयार केली. प्रत्येक बिल्डमध्ये ती पडद्यावर उमटवून डोळ्यांनी तपासली जाई. प्लगइन २०२२ वर चालले, पण काही शब्दांत अनुस्वार सरकत होता. तो दोष कोडमध्ये कुठेच चूक म्हणून दिसत नव्हता, यादीमुळेच सापडला आणि फॉन्टमध्ये दुरुस्त झाला.

१२ सप्टेंबर २०२४ रोजी, शुल्काच्या घोषणेला बरोबर वर्ष होत असताना, युनिटीचे नवे मुख्य कार्यकारी अधिकारी मॅट ब्रॉमबर्ग यांनी रनटाइम शुल्क रद्द केल्याचे जाहीर केले. पर्सनल परवान्याची वार्षिक मर्यादा १ लाख डॉलरवरून २ लाखांवर नेण्यात आली आणि युनिटी ६ वर केलेल्या गेममध्ये सुरुवातीला दिसणारे युनिटीचे चिन्ह ऐच्छिक झाले. १७ ऑक्टोबर २०२४ ला युनिटी ६ प्रसिद्ध झाली. चिन्हाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण संस्थेसाठी तो तसा नव्हता. गेम उघडताच आधी संस्थेचे बोधचिन्ह दिसावे, ही कार्यकारिणीची पहिल्या दिवसापासूनची इच्छा होती आणि मोफत परवान्यात ती पुरी होत नव्हती.

दिवाळीनंतर दुसरी पायरी चर्चेला आली. शुल्काचा अडसर गेल्यामुळे गोडॉटच्या बाजूचे मुख्य कारण हलके झाले होते, मात्र मजकुराचे कारण तसेच होते. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (पडद्यावरची बटणे आणि मजकूर मांडण्याच्या युनिटीच्या साधनासाठी) अ‍ॅडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर ही नवी यंत्रणा आली होती आणि तीही हार्फबझवरच आधारलेली आहे. गटाने केवळ प्रश्नमंजूषेची पाने यूआय टूलकिटवर नेऊन पाहिली आणि शब्दयादी तिथे शुद्ध उमटली. गेमचे उरलेले पडदे जुन्या पद्धतीवर आणि प्लगइनवरच ठेवायचे, असे ठरले. तरुण प्रोग्रामरला हा अर्धवट तोडगा वाटला. त्याचा आक्षेप गटाने इतिवृत्तात नोंदवून ठेवला, आणि अशी नोंद ठेवणे मला फार मोलाचे वाटते.

एक गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. युनिटी ६ वर बांधलेला गेम अँड्रॉइड ६.० किंवा त्यापुढे चालतो. देणगीतले काही टॅब ५.१ वर होते आणि त्यांना पुढची आवृत्ती उपलब्ध नव्हती. ते टॅब बाद केले असते तर किनाऱ्यावरच्या ज्या लहान शाळांसाठी हा खटाटोप चालला होता त्यांच्याच हातून गेम गेला असता. म्हणून दोन बिल्ड ठेवली गेली. गूगल प्लेसाठी युनिटी ६ वरचे, आणि जुन्या टॅबसाठी थेट फाइल देऊन बसवायचे २०२२ एलटीएसवरचे. त्यामुळे नवा मजकूर दोन्हीकडे घालावा लागतो आणि शब्दयादीही दोनदा तपासावी लागते.

निष्पत्ती

२०२५ च्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना, दोन्ही बिल्ड सुपूर्द झाली आणि शेवटचा हप्ता वेळेवर मिळाला.

व्यवस्थेची कसोटी त्यानंतर लागली. २ ऑक्टोबर २०२५ रोजी युनिटीने २०१७.१ पासूनच्या आवृत्त्यांवर तयार झालेल्या गेममधली एक सुरक्षा-त्रुटी जाहीर केली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-५९४८९ आहे आणि अँड्रॉइडवरचे गेमही तिच्या कक्षेत येत होते. दुरुस्त केलेल्या एडिटरवर गेम पुन्हा बांधणे किंवा कंपनीने दिलेल्या साधनाने तयार बिल्डला ठिगळ लावणे, असे दोन मार्ग होते. दुरुस्ती युनिटी ६ साठी आली, तशीच सार्वजनिक आधार संपलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठीही आली, त्यामुळे २०२२ वरचे बिल्डही नव्याने बांधता आले. गूगल प्लेवरची प्रत त्याच आठवड्यात बदलली. शाळांतल्या टॅबना मात्र शिक्षिका स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन गेल्या, कारण त्यातले बरेच टॅब इंटरनेटशी जोडलेलेच नसतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेने १६ केबी मेमरी-पाने (मेमरीचे मोठे तुकडे) वापरणाऱ्या उपकरणांवर अ‍ॅप चालले पाहिजे, ही अट लागू केली. युनिटी ६ वरच्या बिल्डला तिचाही वेगळा त्रास झाला नाही.

वेगळे काय करता आले असते

करारात आवृत्तीचे नाव घालणे ही पहिली चुकलेली जागा होती, पण ती ओळखता येण्याजोगी होती का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. कंपनी सहा वर्षांचा क्रम मोडेल, हे ऑगस्ट २०२३ मध्ये कोणी सांगू शकले नसते. मात्र जी वस्तू अजून तयारच झालेली नाही तिचे नाव करारात असू नये, एवढे तेव्हाही सांगता आले असते. या क्षेत्रात नावे बदलत आली आहेत. गेममेकर या दुसऱ्या इंजिनाने २०२२ मध्ये आपल्या नावातून "स्टुडिओ २" काढून टाकले आणि वर्ष-महिन्याचे क्रमांक घेतले, म्हणजे युनिटीच्या नेमके उलट्या दिशेने पाऊल टाकले. गोडॉटने नाव राखले, पण तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत इतके बदल केले की जुन्या प्रकल्पांचे बरेच कोड पुन्हा लिहावे लागले. म्हणून नाव तेच असणे ही देखील सातत्याची खूण धरता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ ते मे २०२४ हे सहा महिने गटाने वापरले नाहीत. नामांतर जाहीर झाले त्याच आठवड्यात कार्यवाहांना एक पत्र गेले असते, तर तो विषय हप्त्याशी जोडला गेला नसता. प्रोग्रामरच्या लेखी ती बातमी नाव बदलल्याची होती. करार हातात असलेल्या माणसाने वाचली असती तर तिचा अर्थ वेगळा लागला असता, आणि गटात करार वाचण्याची जबाबदारी कोणाकडेच नेमून दिलेली नव्हती.

प्लगइनविषयी माझे मत अधिक कडक आहे. मराठी गेममध्ये मराठी अक्षरे नीट उमटणे ही मूलभूत गरज आहे. ती उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याच्या हवाली असताना आवृत्तीची चर्चा दुय्यम ठरते. शब्दयादी २०२२ च्या पहिल्या महिन्यातच तयार व्हायला हवी होती आणि इंजिन निवडण्याआधी तिच्यावर दोन्ही इंजिने पारखायला हवी होती. तेव्हा गोडॉट ४ ची पक्की आवृत्ती आलेली नव्हती, त्यामुळे निवड कदाचित तीच राहिली असती, पण धोका किती मोठा आहे हे सुरुवातीलाच कळले असते.

दोन बिल्डची व्यवस्था किती काळ चालवायची, यावर गट आणि संस्था यांच्यात अजून एकमत नाही. युनिटी ६.० चा सार्वजनिक आधार ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्याआधी जुने टॅब बदलण्यासाठी देणगीदार शोधायचा, की बदल न करता ते २०२२ वरच्या शेवटच्या बिल्डवर सोडून द्यायचे, हा विषय संस्थेने पुढच्या कार्यकारिणी बैठकीत घेतला आहे. यावेळी गटप्रमुखांनी टिपण आधीच पाठवले आहे आणि शब्दयादीचे दोन्ही बिल्डवरचे छायाचित्र त्याला जोडले आहे.